बोटाची चूक

दोन वाजून सोळा मिनिटांनी स्क्रीनवर पत्त्यांच्या सात नंबरच्या टेबलावरून पंचाला, म्हणजे मला, बोलावणं आलं आणि बोलावणाऱ्याचं नाव होतं ब्रेकवाला. ब्रेकवाला म्हणजे माझा नवरा. त्याला जाऊन आठ महिने झाले. हातातला चहाचा कप मी बशीत नीट, आवाज न करता ठेवला, आणि माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती ही की हा तर कधी पान परत मागत नसे. भीती वाटली नाही, रडू आलं नाही, छातीत धस्सही झालं नाही. खिडकीतून येणारं ऊन स्क्रीनच्या डाव्या कोपऱ्यावर पडलं होतं, त्यामुळे ते नाव अर्धवट दिसत होतं, म्हणून मी उठून पडदा ओढला आणि परत येऊन बसले. नाव आता पूर्ण दिसत होतं. ब्रेकवाला. पान परत हवं आहे. प्रतिस्पर्ध्याची ना आहे. पंचांनी यावं. आणि मग एक-दोन क्षणांनी, एखादा हिशोब उशिरा लक्षात यावा तसं, मला कळलं की ही लेक आहे. त्याचा जुना टॅब ती जाताना घेऊन गेली होती, बसमध्ये सिनेमे बघायला म्हणून. त्यावर त्याचं खातं उघडंच असणार. तो कधी कुठून बाहेर पडताना नीट बंद करून पडत नसे, दार असो की कॉम्प्युटर.

आमच्या ब्रिज मंडळाचे सामने रविवारी दुपारी दोन ते पाच स्क्रीनवर होतात. पूर्वी एका शाळेच्या हॉलमध्ये जमायचो, चौघाचौघांची टेबलं, समोरासमोरचे दोघे भिडू, प्रत्येकाला तेरा पानं. तिथं पान टेबलावर ठेवलं की ठेवलं. त्यावर जग संपलं. स्क्रीनवर तसं नाही. पानं एकमेकांना खेटून उभी असतात, माणसं साठीच्या पुढची, कुणाचा चष्मा बदललेला, कुणाचा अंगठा जाड, आणि सत्ती दाबायला जावं तर अट्ठी उडी मारून बाहेर. म्हणून तिथं ‘परत’ नावाचं एक बटण दिलं आहे. ते दाबलं की समोरच्यांपुढे एक चौकट उघडते, द्यायचं की नाही. दोघांनी हो म्हटलं तर पान गुपचूप आपल्या जागी जातं. एकानं जरी नाही म्हटलं तर पंचाला बोलवायचं. पंच मी. आमच्या मंडळाचा नियम एकच आहे आणि तो मीच लिहून काढला होता: बोट घसरलं असेल तर पान परत मिळेल, मन बदललं असेल तर मिळणार नाही. बोटाची चूक आणि डोक्याची चूक. ऐकायला सोपं वाटतं. पण डोक्याची चूक केलेला प्रत्येक माणूस बोटाचंच नाव सांगतो. एका निवृत्त न्यायाधीशांनी मांजराचं नाव सांगितलं होतं.

म्हणून मी दोन गोष्टी करते. आधी नोंद बघते. कुठलं पान कितव्या सेकंदाला पडलं आणि ‘परत’ कितव्या सेकंदाला दाबलं, हे सगळं तिथं लिहिलेलं असतं. बोट घसरलं की माणूस दचकतो आणि दोन-तीन सेकंदांत बटणावर झेपावतो. दहाच्या पुढे सेकंद गेले की समजायचं, हा बघत बसला होता, मग पस्तावला. दुसरं म्हणजे मी एकच प्रश्न विचारते: पान टाकलं त्या वेळी तुम्हाला कुठलं टाकायचं होतं? आता नाही, त्या वेळी. या प्रश्नाला लोक फार चिडतात. नवरा म्हणायचा, तू भिडू म्हणून नकोस, पंच म्हणूनच बरी आहेस, तुला पानं दिसत नाहीत, नुसत्या माणसांच्या चुका दिसतात. सहा वर्षं आम्ही भिडू होतो आणि सहा वर्षं घरी येईपर्यंत गाडीत भांडलो. नंतर मी पंच झाले आणि संसार सुखाचा झाला.

मी सात नंबरच्या टेबलावर गेले, म्हणजे बोटानं सात दाबलं. एका बाजूला प्राचार्य आणि त्यांची बायको, दोघंही नियमाला पक्के. ना म्हटलं होतं ते प्राचार्यांनी. दुसऱ्या बाजूला ब्रेकवाला आणि त्याच्या समोर एकटी आलेली कुणी पाहुणी भिडू, जिला या नावाचा माणूस कोण होता हे माहीत असण्याचं कारण नव्हतं. प्राचार्यांना माहीत होतं. ते अंत्ययात्रेला आले होते. त्यांनी तिथं काहीच लिहिलं नव्हतं, फक्त ‘पंचांनी बघावं’ एवढंच. डाव शेवटाकडे आलेला, प्रत्येकाकडे चार-चार पानं. ब्रेकवाल्याने बदामाची राणी टाकली होती. तिरी टाकायची वेळ होती, लहान पान देऊन राणी राखून ठेवायची. राजा प्राचार्यांच्या हातात आहे हे आधीच्या बोलीवरून शाळकरी पोरालाही कळलं असतं. राणी पडली दोन वाजून चौदा मिनिटं सात सेकंदांनी. ‘परत’ दाबलं दोन वाजून चौदा मिनिटं सव्वीस सेकंदांनी. मी वजाबाकी दोनदा केली. एकोणीस.

मी नेहमीचा प्रश्न टाइप केला. नेहमीच्याच शब्दांत, नेहमीच्याच ‘तुम्ही’त. पान टाकलं त्या वेळी तुम्हाला कुठलं टाकायचं होतं? नावासमोर पेन्सिलीचं छोटं चित्र हललं, थांबलं, परत हललं. मग उत्तर आलं: बोटाची चूक. मला काही कळलंच नाही, हातून निघून गेलं.

ते वाक्य मी परत वाचलं. स्वयंपाकघरात फ्रिज सुरू झाला आणि बंद झाला. वाक्य माझं होतं. तिनं ते मुद्दाम वापरलं असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आताही वाटत नाही. घरात एखादा शब्द वापरून वापरून सगळ्यांच्या तोंडी बसतो, तसं ते बसलं होतं. फरक एवढाच की मी ‘तोंडून’ म्हटलं होतं. मला काही कळलंच नाही, तोंडून निघून गेलं.

माझा नवरा लोकांना गाडी चालवायला शिकवत असे. शिकवणीच्या गाडीत शेजारच्या माणसाच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो, तो त्याचा. सव्वीस वर्षं तो दुसऱ्यांच्या चुका उजव्या पायाने थांबवत आला. मग त्या पायाला सवयच लागली. कुणाच्याही गाडीत बसला की त्याचा पाय जमिनीवर दाबला जायचा. बसमध्येसुद्धा. सिनेमात गाडी अंगावर आली तर समोरच्या खुर्चीला लाथ बसायची आणि मला माफी मागावी लागायची. लेक लहान असताना हाच तिचा खेळ होता, खेळण्यातली मोटार त्याच्या अंगावर सोडायची आणि पाय बघायचा. पण पत्त्यांत त्यानं कधी ब्रेक मारला नाही. वाईट पान पडलं तर म्हणायचा, गाडी पुढे गेली, आता पुढचं बघा. आणि हसायचा. त्याचं ते हसणं मला त्या वेळी चीड आणायचं. ज्या गुरुवारी त्याच्या मेंदूत रक्तस्राव झाला त्या दिवशी त्याच्या शेजारी कपडे शिवणारी एक बाई गाडी चालवत होती, तिचा पाचवा दिवस. त्यानं आधी ब्रेक दाबला. गाडी रस्त्याच्या कडेला व्यवस्थित थांबली आणि मग त्याची मान कलली. ती बाई नंतर मला भेटायला आली होती. परीक्षा पास झाले, असं तिनं जाता जाता दारात सांगितलं, फार ओशाळून. मी तिचं अभिनंदन केलं.

शनिवारी सकाळी पावणेदहाला हॉस्पिटलमध्ये मोठ्या डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला बोलावलं. कानामागे पेन अडकवलेली, माझ्या लेकीपेक्षा फार तर दहा वर्षांनी मोठी. सगळ्या तपासण्या दोनदा केल्या आहेत, त्या म्हणाल्या, मेंदूचं काही शिल्लक नाही. यंत्र श्वास देतंय म्हणून छाती हलतेय. ते काढायचं की कसं, हे तुम्ही ठरवायचं. आणि पुढे त्या म्हणाल्या, हे मला आजही जसंच्या तसं आठवतं: घाई काही नाही, तुमची मुलगी निघाली आहे ना, ती येईपर्यंत आपण थांबू शकतो. लेक दीडपर्यंत पोचणार होती. मी म्हटलं, मला पाच मिनिटं द्या. आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन बाकावर बसले. समोर घड्याळ होतं. नऊ अठ्ठेचाळीस. एक माणूस फरशी पुसायचं यंत्र घेऊन लांबून येत होता आणि त्याच्या मागे जमीन ओली होत जात होती. काचेतून मला पलंगाचा खालचा भाग दिसत होता, चादर आणि चादरीखाली त्याचा उजवा पाय. नर्सनं औषधांची गाडी ढकलत आणली, ती जरा जोरात आली आणि पलंगावर आदळली. मी पाय बघत होते. पाय हलला नाही. मी बघत राहिले. मग मी विचार केला. लोकांना वाटतं अशा वेळी डोकं चालत नाही. माझं चालत होतं. दातांच्या लॅबमध्ये मी बावीस वर्षं कवळ्या करते आहे. दात मेणात बसवलेले असतात तोवर एकेक दात सरकवता येतो, डॉक्टरांनी वीस वेळा परत पाठवलं तरी मेण तापवून सुधारता येतं, पण एकदा मेण काढून त्याजागी अ‍ॅक्रिलिक ओतलं आणि शिजवलं की संपलं. तर मला माहीत असतं, कुठल्या घटकेनंतर हात लावायचा नाही. त्या दिवशी मी जितकी शुद्धीवर होते तितकी आयुष्यात क्वचितच असेन. नऊ एकोणसाठला मी उठले, आत गेले आणि म्हटलं, काढा. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, मुलगी? मी म्हटलं, नको.

लेक दीडला आली तेव्हा चादर गळ्यापर्यंत होती आणि यंत्र भिंतीला लावून ठेवलेलं. ती दारातच थांबली. माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात प्रश्न नव्हता, निदान अजून नव्हता, पण तो येईल म्हणून मीच आधी बोलले. डॉक्टर घाई करत होते, म्हटलं. मला काही कळलंच नाही गं, तोंडून हो निघून गेलं. तिनं मला मिठी मारली. जाऊ दे आई, तुझी काय चूक, असं म्हणाली, माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. वडील तिथं पडलेले आणि ती माझी समजूत घालत होती. संध्याकाळपर्यंत ते वाक्य सगळीकडे पसरलं. नणंद येईल त्याला सांगत होती, वहिनीला बिचारीला काही कळत नव्हतं, डॉक्टरांनी हो वदवून घेतलं. दीर तर डॉक्टरांना जाब विचारायला निघाले होते, त्यांना मी कसंबसं बसवलं. मला फार सांभाळून घेतलं सगळ्यांनी. कुणी काही विचारलं नाही. बिचारी म्हटलं की माणसाला प्रश्न पडत नाहीत. आणि मी त्या बिचारीच्या आड जाऊन बसले ते बसलेच. जेवत होते, झोपत होते, लॅबमध्ये दात बसवत होते, तिसऱ्याच आठवड्यात पंच म्हणून परत कामाला लागले. पण ते सगळं ती बाई करत होती आणि मी थोडी बाजूला उभी राहून बघत होते. तोंडाला बधिर करायचं इंजेक्शन दिल्यावर ओठ आपलाच आहे हे आरशात बघून कळतं, तसं काहीतरी. लेक दर रविवारी सकाळी फोन करते. गॅस आला का, गोळ्या घेतेस ना, बाथरूमचा दिवा बदललास का. लहान मुलाशी बोलावं तशी सावकाश बोलते. ती रंगांच्या कारखान्यात शेड जुळवायचं काम करते, आलेल्या तुकड्याशी रंग तंतोतंत मिळेपर्यंत ढवळत राहायचं. तिच्या नजरेतून अर्ध्या थेंबाचा फरक सुटत नाही. माझ्यातला सुटला होता. किंवा तिला बघायचा नव्हता.

स्क्रीनवर खाली प्राचार्यांनी लिहिलं, पंच, तीन मिनिटं झाली. नेहमीच्या सभ्यतेनं लिहिलं होतं. त्यांच्या बायकोनं त्यांच्याखाली लिहिलं, देऊन टाकू या का? म्हणजे तिलाही नाव वाचून काहीतरी वाटलं असणार. ती मायाळू बाई आहे. आता सगळ्यांची नजर माझ्यावर होती, आणि देऊन टाकणं किती सोपं होतं. एका पानाचा प्रश्न. कुणाचंही काही जाणार नव्हतं. मी बटणावर बाण नेऊन ठेवला आणि नोंद पुन्हा वाचली. एकोणीस सेकंद ती त्या राणीकडे बघत बसली होती. तिला कळत होतं. तिला पूर्ण कळत होतं, आणि तरी तिनं मला ते वाक्य सांगितलं, आणि मी ते खरं मानलं असतं तर तीसुद्धा आता त्याच्या आड जाऊन बसली असती, छान सांभाळून घेतलेली, कुणी काही न विचारलेली. मी लिहिलं: एकोणीस सेकंद. पान परत मिळणार नाही. खेळ पुढे चालू. ब्रेकवाल्याने लिहिलं, मान्य. प्राचार्यांचा राजा राणीवर पडला. डाव एका हातानं बुडाला.

पाच वाजेपर्यंत मी आणखी दोन निकाल दिले, त्यातला एक बोटाचा होता. सामने संपल्यावर नावं एकेक करून यादीतून गेली. ब्रेकवालाही गेला, या वेळी नीट बंद करून. मी फोन उचलला. पहिल्या रिंगलाच तिनं घेतला, म्हणजे हातातच होता.

परत देणार नाहीस हे माहीत होतं, असं ती म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती. मी विचारलं, तेवढा वेळ काय बघत होतीस. ती म्हणाली, पान तर टाकलं, मग मनात आलं की बाबांच्या नावावर एवढं वाईट पान नको राहायला. तिच्याकडे वॉशिंग मशीन चालू होतं, कपडे फिरल्याचा आवाज येत होता. तिला आज त्याच्या नावानं खेळायला बसावंसं का वाटलं ते मी विचारलं नाही.

“माझीही बोटाची चूक नव्हती,” मी म्हटलं.

“कुठली?” तिनं विचारलं.

“हॉस्पिटलमधली. तोंडून निघून गेलं असं तुला सांगितलं, ते खोटं होतं. अकरा मिनिटं बसून ठरवलं आणि मग हो म्हटलं.”

“डॉक्टर घाई करत होते म्हणालीस.”

“नव्हते करत. तू येईपर्यंत थांबू म्हणाल्या होत्या. मीच नको म्हटलं.”

मशीन थांबलं, आतलं पाणी गेल्याचा आवाज झाला. तिनं विचारलं, का. मी जे होतं ते सांगितलं. तू समोर असतीस तर मला जमलं नसतं. त्यांनी तुलाही विचारलं असतं आणि तू जन्मभर ते उत्तर घेऊन फिरली असतीस. शिवाय शेवटी तो माझ्या एकटीचाच असावा असंही मला वाटत होतं. आणि मी दमले होते, तीन दिवस बसून होते, मला ते संपवायचं होतं. यातलं कुठलं किती हे मला सांगता येत नाही, म्हटलं. मोजून बघितलंय, जमत नाही.

“आदल्या संध्याकाळची बस होती,” ती म्हणाली. इतकं हळू की मला आधी वाटलं ती कुणा दुसऱ्याशी बोलते आहे. “मी सकाळची घेतली. एक शेड पूर्ण करून द्यायची होती. आठ महिने मला वाटतंय, तुला काही कळत नव्हतं आणि मी तुला तिथं एकटीला टाकलं. कुणाला सांगितलं नाही मी. तुझ्याशी बोलताना दर वेळी तेच.”

मला हे ठाऊक नव्हतं. दर रविवारी ती त्या सावकाश आवाजात गॅसचं आणि दिव्याचं विचारत होती तेव्हा ती हे विचारत होती, आणि मी तिला दिव्याचं उत्तर देत होते. तुझं काही चुकलं नाही असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. ते वाक्य मला कुणी किती वेळा म्हटलं होतं आणि त्यानं माझं काय झालं होतं, ते आठवलं.

“पण मला कळत होतं,” एवढंच मी म्हटलं.

“सगळं?”

“सगळं.”

“मला तुझा राग आलाय,” ती म्हणाली.

“येऊ दे.”

“फार आलाय, आई.”

मी म्हटलं, फोन ठेवू नकोस. ती म्हणाली, नाही ठेवत. आणि मग ती बोलायला लागली. आधी अडखळत, मग सलग, मग ओरडून. त्या दिवशी मी दारात उभी होते आणि तू मला तुझी पाठ थोपटायला लावलीस, ती म्हणाली. मला त्यांच्याकडे जायचं होतं आणि मी तुला धरून उभी होते. तुला काय हक्क होता. साडेतीन तास, फक्त साडेतीन तास, तेवढं तुला थांबता आलं नाही. मी फोन कानाला घट्ट धरला होता, कान दुखायला लागला होता, तो बदलायचं मला सुचलं नाही. ती म्हणत होती ते सगळं खरं होतं, आणि ते ती त्या बिचारीला नाही, मला म्हणत होती.